रोड बाईकची निवड: फ्रेम, रंग आणि कुलूप

रोड बाईक म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने आणि लांब पल्ल्यापर्यंत चालवण्यासाठी बनवलेली हलकी सायकल. खाली वळलेले हँडल, अरुंद टायर, चालवणाऱ्याला पुढे झुकवणारी बैठक आणि भरपूर गिअर या तिच्या ठळक खुणा. तिच्यावर जे नसते तेही तितकेच ठळक आहे. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही आणि कुलपासाठी जागा तर नाहीच. दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या आणि शाळकरी मुलांच्या सायकलवर वर्षानुवर्षे असलेल्या या वस्तू येथे गाळल्या गेल्या, कारण या सायकलचा जन्म शर्यतीसाठी झाला आणि शर्यतीतली सायकल कुठे उभी करून ठेवायची नसते. टप्पा संपला की ती मेकॅनिकच्या हाती जाते, धुतली जाते आणि संघाच्या बंद ट्रकमध्ये रात्र काढते. हौशी सायकलस्वाराची सायकल मात्र चहाच्या टपरीबाहेर, ऑफिसच्या तळघरात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली उभी राहते. फ्रेम, रंग आणि कुलूप यांच्या निवडीवरून हौशी मंडळींत जे वाद रंगतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या फरकात आहे.

सायकलचा आजचा आकार फार जुना आहे. जॉन केंप स्टार्ली याने इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही सायकल बनवली. जवळपास सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने मिळणारी गती ही तिची रचना पुढे सर्वांनी उचलली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला आणि पाठोपाठ लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस १८९१ मध्ये, पॅरिस–रूबे १८९६ मध्ये, टूर द फ्रान्स १९०३ मध्ये आणि जिरो दि’तालिया १९०९ मध्ये. १९३३ साली फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने पाठीवर रेलून चालवायच्या सायकलवर एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम केला. त्यावर युसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढच्याच वर्षी शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी बांधली की तसल्या सायकली स्पर्धेबाहेर पडल्या. या निर्णयाचा परिणाम दूरगामी ठरला. शर्यतीच्या सायकलचा ढाचा, म्हणजे दोन त्रिकोण जोडून बनलेली फ्रेम, जवळजवळ गोठला. आकार बदलता येत नसल्यामुळे कारागिरांची आणि ग्राहकांची सगळी चोखंदळ वृत्ती धातूकडे, कोनांकडे, मिलिमीटरांकडे आणि रंगाकडे वळली. दोन रोड बाईक अनोळखी माणसाला सारख्याच दिसतात. जाणकार मात्र त्यांच्यातल्या फरकांवर तासभर बोलू शकतो, ते यामुळेच.

फ्रेमच्या साहित्यात पहिला मान पोलादाचा. पोलादाची नळी सरसकट एकाच जाडीची ठेवली तर फ्रेम जड होते. जोड येतो त्या टोकांशी भिंत जाड आणि मध्ये पातळ ठेवण्याची युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याने काढली आणि १८९७ मध्ये तिचे पेटंट घेतले. याच कंपनीची मँगनीज आणि मॉलिब्डेनमयुक्त पोलादाची ‘५३१’ नळी १९३५ मध्ये बाजारात आली आणि पुढची कित्येक दशके फ्रेमवरचा ५३१चा हिरवा-सोनेरी चिकटपट्टा पाहून सायकलची किंमत ठरत असे. इटलीत मिलानच्या कोलंबस कंपनीच्या नळ्यांना तसाच मान होता. या काळातल्या फ्रेमच्या नळ्या बोटाच्या दोन पेरांत मावतील इतक्या बारीक असत. वरची नळी साधारण २५.४ मिलिमीटर, खालची आणि सीटची नळी २८.६ मिलिमीटर. आजही पोलादाचे चाहते या सडपातळ रेषांवरच भाळतात. पोलादाची फ्रेम सुमारे दीड ते दोन किलो भरते. पण ती वाकली तर सरळ करता येते आणि तुटली तर डाग देऊन जोडता येते. आयुष्याच्या दृष्टीने तिच्याइतकी भरवशाची फ्रेम नाही. तिचा शत्रू गंज. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत गंज बाहेरून दिसण्याआधी नळीच्या आतून सुरू होतो, म्हणून समुद्रकाठच्या पोलादप्रेमींनी पावसाळ्यापूर्वी सीटपोस्ट काढून नळीत तेल किंवा मेणाचा फवारा मारायची सवय ठेवलेली बरी.

अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, पण ताठपणाही तितकाच कमी. ही उणीव नळीचा व्यास वाढवून भरून काढता येते, कारण नळीचा ताठपणा व्यासाबरोबर फार झपाट्याने वाढतो. अमेरिकेत गॅरी क्लाइनने जाड नळ्यांची अशी फ्रेम बनवली आणि १९८३ पासून कॅननडेलने ती मोठ्या प्रमाणावर विकली. सुरुवातीला या जाडजूड नळ्यांची थट्टा झाली. त्यांच्यावर बसणाऱ्यांनी हाडे खिळखिळी झाल्याची तक्रारही केली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. नंतर नळ्यांना पाण्याच्या दाबाने हवा तसा आकार देण्याचे तंत्र आले, पुढे कार्बनचा फोर्क बसू लागला आणि ती तक्रार बरीचशी मिटली. आज पहिली रोड बाईक घेणाऱ्यासाठी अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि कार्बन फोर्क ही जोडी सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागते. गंजाची धास्ती कमी, किंमत आवाक्यात, आणि टपरीबाहेर भिंतीला टेकवताना जीव वरखाली होत नाही.

कार्बन फायबरचे युग १९८६ मध्ये सुरू झाले असे मानतात. त्या वर्षी ग्रेग लेमाँडने फ्रान्सच्या लुक कंपनीच्या कार्बन सायकलवर टूर द फ्रान्स जिंकली. पुढची बारा वर्षे धातू आणि कार्बन दोन्ही नांदले. १९९८ मध्ये मार्को पांतानीने बियांकीच्या अ‍ॅल्युमिनियम सायकलवर टूर जिंकली, त्यानंतर मात्र त्या शर्यतीत धातूची सद्दी संपली. कार्बनचे खरे बळ हलकेपणापेक्षा त्याच्या लवचिक घडणीत आहे. धाग्यांचे थर कोणत्या दिशेने लावायचे हे कारागिराच्या हाती असल्यामुळे एकच फ्रेम पायडलपाशी ताठ आणि सीटखाली मऊ ठेवता येते. वरच्या दर्जाची कार्बन फ्रेम किलोच्या आत बसते. दोष असा की आडवा आघात तिला सोसत नाही. धातूवर पोचा पडतो आणि दिसतो. कार्बनमध्ये आतले थर सुटले तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो. पडझडीनंतर कार्बन फ्रेम जाणकाराला दाखवल्याशिवाय घाटात उतरवणे हा निव्वळ वेडेपणा आहे.

टायटॅनियम हा चौथा पर्याय. त्याला गंज चढत नाही, रंगाची गरज नसते, आणि वजन पोलाद व अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये बसते. त्याचे जोडकाम आरगॉन वायूच्या आवरणात करावे लागते म्हणून ते महाग. टायटॅनियम घेणारा माणूस सहसा आयुष्यातली शेवटची सायकल म्हणून ती घेतो आणि दोन-चार वर्षांनी आणखी एक घेतो.

वजनाच्या वेडाला युसीआयने २००० साली लगाम घातला. शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी चालत नाही. आजच्या कारखान्यांना त्याहून हलकी सायकल सहज बनवता येते, त्यामुळे काही संघांना नियमात बसण्यासाठी वजन वाढवावे लागल्याचीही उदाहरणे आहेत. हौशी स्वाराला हा नियम लागू नाही, तरी ६.८ हा आकडा त्याच्या मनात घर करून बसतो आणि दोनशे ग्रॅम कमी करण्यासाठी तो हजारो रुपये मोजतो. दोन पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दीड किलोच्या आसपास भरतात, हे त्या हिशेबात सहसा धरले जात नाही.

साहित्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मापाला आणि बैठकीला आहे. शर्यतीच्या बेताच्या फ्रेममध्ये हँडल खाली आणि दूर असते. पाठ आडवी होते, वारा कमी लागतो, पण तासाभरानंतर मान आणि मनगटे बोलू लागतात. लांब पल्ल्यासाठीच्या फ्रेममध्ये पुढची नळी उंच आणि चाकांमधले अंतर थोडे जास्त असते. उत्तर फ्रान्सच्या दगडी फरशांवरून जाणाऱ्या पॅरिस–रूबे शर्यतीने अशा सायकलींना बढावा दिला. स्पेशलाइज्ड कंपनीने तर आपल्या अशा सायकलला ‘रूबे’ हेच नाव दिले. महाराष्ट्रातल्या बहुतेक हौशी स्वारांसाठी हाच प्रकार योग्य ठरतो. पुणे, नाशिक, मुंबई, नागपूर, कोल्हापूर येथे ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, चालवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ४०० किलोमीटर सत्तावीस तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात. येथे कोणी पहिला येत नाही, वेळेत पोहोचणे एवढेच पुरते. चाळीस तास सायकलवर काढणाऱ्याला वाऱ्यापेक्षा पाठीची काळजी अधिक असते. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. तेव्हापासून मराठी मुलखात वेगापेक्षा पल्ल्याची प्रतिष्ठा वाढली आणि ती सायकलच्या निवडीतही उतरली.

टायरच्या बाबतीत तर गेल्या वीस वर्षांत मत पूर्ण फिरले. पूर्वी २० ते २३ मिलिमीटर रुंदीचा टायर दगडासारखा घट्ट फुगवण्याची रीत होती. अरुंद आणि कडक म्हणजे वेगवान, हा समज पक्का होता. गुळगुळीत रिंगणावर तो खराही आहे. खऱ्या रस्त्यावर मात्र कडक टायर प्रत्येक खडीवर उडतो आणि ती शक्ती स्वाराच्या अंगात जिरून वाया जाते. रुंद टायर कमी हवेवर चालतो, खडबडीतपणा पोटात घेतो आणि पंक्चरही कमी होतो. आज व्यावसायिक शर्यतींतसुद्धा २८ मिलिमीटर ही नेहमीची गोष्ट झाली आहे. आपल्याकडचे खड्डे, उंचसखल पॅच आणि बिनरंगाचे गतिरोधक पाहता २८च्या खाली उतरण्यात काही शहाणपण नाही. फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ अधिक बरे.

ब्रेक आणि गिअर यांवर थोडक्यात. युसीआयने २०१८ मध्ये शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मान्यता दिली आणि रिम ब्रेकच्या नव्या सायकली दुकानांतून झपाट्याने नाहीशा झाल्या. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरणाऱ्याला डिस्कचा फायदा समजावून सांगावा लागत नाही. रिम ब्रेकची बाजू घेणारे त्याचा साधेपणा आणि कमी वजन पुढे करतात, तेही खोटे नाही. गिअर म्हणाल, तर टूर द फ्रान्सच्या आयोजकांनी १९३७ पर्यंत डिरेलर, म्हणजे साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, वापरूच दिला नव्हता. शिमानो कंपनीने १९९० मध्ये ब्रेकच्या खटक्यातच गिअर बदलण्याची सोय आणली, २००९ मध्ये विजेवर चालणारे गिअर आणले. इटलीची काम्पान्योलो आणि अमेरिकेची स्रॅम हे तिचे प्रतिस्पर्धी. जुन्या मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट चढून सर्वांत पुढे येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. तो मान मिळवण्याइतके पाय नसणाऱ्यांनी पुढे ५०–३४ आणि मागे किमान ३२ दातांचा गिअर घ्यावा. दुकानदार काहीही म्हणो, सोपा गिअर असल्याचा पश्चात्ताप घाटात कोणाला होत नाही.

आता रंगाकडे. तांत्रिक चर्चेत रंगाचा उल्लेख शेवटी आणि काहीसा ओशाळून केला जातो. प्रत्यक्षात सायकल विकली जाते ती बहुधा रंगावर. याची मुळे शर्यतीच्या इतिहासात आहेत. टूर द फ्रान्स सुरू केली ती ‘लोतो’ या वृत्तपत्राने, आणि ते पिवळ्या कागदावर छापले जाई. आघाडीवरच्या स्वाराला १९१९ पासून पिवळी जर्सी मिळू लागली. इटलीतले ‘ला गझेत्ता देल्लो स्पोर्त’ गुलाबी कागदावर छापले जाते, म्हणून १९३१ पासून जिरोच्या नेत्याची जर्सी गुलाबी. वृत्तपत्राच्या कागदाचा रंग असा खेळाचा रंग झाला. आता अंतिम टप्प्यासाठी विजेत्याची सायकलही पिवळी रंगवून तयार ठेवतात.

एका कंपनीशी एकच रंग कायमचा जोडला गेल्याचे सर्वांत जुने आणि ठळक उदाहरण बियांकीचे. एदुआर्दो बियांकीने १८८५ मध्ये मिलानमध्ये कारखाना काढला. या कंपनीचा ‘चेलेस्ते’ हा हिरवट आकाशी रंग कुठून आला याच्या कथा अनेक आहेत. कोणी तो राणी मार्गेरीताच्या डोळ्यांचा रंग सांगतात, कोणी मिलानच्या आकाशाचा, तर कोणी लष्कराच्या उरलेल्या रंगांचे मिश्रण म्हणून त्याची बोळवण करतात. तिसरी कथा सर्वांत नीरस आहे आणि म्हणूनच बहुधा सर्वांत विश्वसनीय. या रंगाला तेज मिळाले ते फाउस्तो कोप्पीमुळे. त्याने १९४९ आणि १९५२ या दोन्ही वर्षी बियांकीवर बसून एकाच मोसमात जिरो आणि टूर जिंकल्या. चेलेस्तेची छटा त्यानंतर अनेकदा किंचित बदलली आहे, आणि कोणती छटा अस्सल यावर चाहत्यांत आजही एकमत नाही.

अशीच मोहिनी इतर काही रंगांची. एडी मेर्क्सच्या मोल्तेनी संघाचा नारिंगी, टीआय-रॅले संघाचा लाल-काळा-पिवळा, जुझेप्पे सारोन्नीने १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवूड येथे जागतिक विजेतेपद मिळवले तेव्हाचा लाल. हा शेवटचा रंग कोल्नागो कंपनी अजूनही ‘सारोन्नी लाल’ या नावाने ओळखते. लेमाँडच्या ‘ला व्ही क्लेअर’ संघाने तर चित्रकार पीट मोंद्रियानच्या शैलीतले लाल, निळे, पिवळे चौकोन जर्सीवर घेतले. हे रंग निवडणाऱ्या हौशी माणसाला आपल्या आवडत्या स्वाराचा आणि त्याच्या काळाचा थोडा वाटा हवा असतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. क्रिकेटची जर्सी घालणाराही वेगळे काही करत नाही.

भारतात मात्र सायकलचा रंग म्हणजे दीर्घकाळ काळाच. हिरो, अ‍ॅटलस, हर्क्युलिस किंवा आसनसोलची सेन-रॅले, कोणतीही घ्या. काळा, फार तर गडद हिरवा, त्यावर सोनेरी रेघा आणि पुढच्या नळीवर पत्र्याचा बिल्ला. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यातले रस्ते याच रंगाने भरलेले असत. दोन हजारनंतर परदेशी बनावटीच्या गिअरच्या सायकली दुकानांत आल्या तेव्हा ग्राहकाला पहिल्यांदा रंग निवडायची संधी मिळाली. गंमत अशी की साधारण त्याच सुमारास कार्बनमुळे सगळ्या जगाला पुन्हा काळा रंग प्रिय झाला. सुरुवातीला कार्बनची वीण दिसावी म्हणून त्यावर फक्त पारदर्शक लेप देत. पुढे वीण न दिसणाऱ्या फ्रेमनाही मॅट काळा रंग मिळू लागला. काळ्यावर काळी अक्षरे, काळी चाके, काळी सीट. ही आवड कंपन्यांच्याही सोयीची होती, कारण काळ्या फ्रेमवर कोणताही सुटा भाग शोभतो आणि माल पडून राहत नाही. पूर्ण रंगकामाचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे वजनाचे कारणही पुढे करता येते.

व्यवहाराच्या दृष्टीने चकचकीत रंग सर्वांत सोसणारा. त्यावरचे बारीक ओरखडे पॉलिशने जातात. मॅट रंगावर घामाचे आणि तेलकट हातांचे डाग बसतात, आणि घासून काढू गेले की तेवढाच भाग चमकू लागतो. पांढऱ्या रंगावर चेनचे काळे वंगण, तर काळ्यावर धूळ उठून दिसते. कोकणातल्या आणि महाबळेश्वरच्या लाल मातीपुढे सगळेच रंग सारखे. फ्रेम पुन्हा रंगवायची असेल तर साहित्य पाहून रंगवावी. पोलादाच्या फ्रेमला भट्टीत तापवून पक्का होणारा पावडरचा लेप चांगला टिकतो. कार्बनला ती उष्णता चालत नाही, आणि जुना रंग काढण्याची रसायने त्यातल्या राळेला खातात. तेथे हलक्या हाताने घासून फवाऱ्याने रंग देणे एवढाच मार्ग उरतो. त्याला सायकल रंगवणारा कारागीर लागतो, मोटारीचे पत्रे रंगवणारा पुरत नाही.

भडक रंगाची फ्रेम अधिक सुरक्षित, असेही म्हणतात. दिवसा बाजूने पाहणाऱ्याला थोडा फरक पडत असेल. मागून येणाऱ्या वाहनचालकाला मात्र फ्रेम जवळजवळ दिसतच नाही. त्याला दिसते ते मागचे चाक, स्वाराची पाठ आणि पाय. म्हणून सुरक्षिततेचा रंग फ्रेमवर शोधण्याऐवजी कपड्यांवर आणि दिव्यांत शोधावा. मागचा लाल दिवा, परावर्तक पट्ट्यांचे जाकीट आणि घोट्याला बांधायची परावर्तक पट्टी यांचा उपयोग कोणत्याही फ्रेमच्या रंगापेक्षा कितीतरी अधिक. घोट्यावरची पट्टी पायडलबरोबर वरखाली हलते, त्यामुळे पुढे माणूस आहे हे चालकाच्या लवकर ध्यानात येते. ब्रेव्हेच्या नियमांत रात्री दिवे आणि परावर्तक जाकीट सक्तीचे आहे ते उगाच नाही.

कुलूप हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग. जुन्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाशी कुलूप कायमचे बसवलेले असे. किल्ली फिरवली की एक दांडी तारांमधून आरपार जाई आणि चाक अडे. वीसेक किलोंची ती सायकल उचलून नेणे त्रासाचे असल्याने एवढा बंदोबस्त पुरत असे. नेदरलँड्समध्ये आजही असे कुलूप सर्रास वापरतात, जोडीला साखळी असतेच. रोड बाईकला हे लागू पडत नाही. आठ किलोंची सायकल कोणीही एका हाताने खांद्यावर टाकून चालू लागू शकतो. म्हणजे जो हलकेपणा मिळवण्यासाठी एवढा पैसा ओतला, त्यानेच चोराचे काम सोपे केले. त्यात चाके पटकन निघण्याची सोय. काम्पान्योलोच्या संस्थापकाने, तुल्लिओ काम्पान्योलोने, १९३० मध्ये खटका उघडून चाक सोडवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. शर्यतीत पंक्चर झालेले चाक काही सेकंदांत बदलता येऊ लागले, आणि रस्त्यावर उभ्या सायकलचे चाक तितक्याच सेकंदांत चोरता येऊ लागले. डिस्क ब्रेकच्या सायकलींत बहुधा आरपार जाणारा धुरा असतो. ज्याला खटका नसून ॲलन कीच लागते असा धुरा घेतला, तर निदान येताजाता हात मारणाऱ्यापासून चाक वाचते.

आधुनिक कुलपांचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. बोस्टनजवळच्या क्रिप्टोनाइट कंपनीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कडक पोलादाचे यू आकाराचे कुलूप आणले. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये या कुलपाने बांधलेली सायकल महिनाभर रस्त्यावर ठेवली असता तिचे सुटे भाग चोरीला गेले, पण कुलूप आणि त्यातली फ्रेम जागेवर राहिली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. या कुलपांचा दबदबा तीस वर्षे टिकला. २००४ मध्ये त्यांचे गोल किल्लीचे प्रकार साध्या बॉलपेनच्या नळीने उघडता येतात हे जगजाहीर झाले आणि कंपनीला कुलपे बदलून द्यावी लागली. तेव्हापासून चांगल्या कुलपांत चपटी किल्ली आली.

कुलपाची ताकद तीन गोष्टींवर ठरते: पोलादाची जाडी, त्याचा कडकपणा आणि आतली यंत्रणा. बारीक तारेचे वेटोळे, ज्याला हौशी मंडळी कॅफे लॉक म्हणतात, बोल्ट कटरने एका दाबात तुटते. ते नजरेसमोर सायकल ठेवून चहा पिण्यापुरतेच. तेरा मिलिमीटर जाडीच्या कडक पोलादापुढे छोटा कटर हात टेकतो. सोळाच्या पुढे हाताने चालवायचा मोठा कटरही बहुधा निरुपयोगी. उरतो तो बॅटरीवर चालणारा ग्राइंडर. त्याच्यापुढे साधे पोलाद काही मिनिटांत हार मानते. अलीकडे हिपलॉक आणि लाइटलॉक या ब्रिटिश कंपन्यांनी ग्राइंडरची चकती झिजवून टाकणाऱ्या संमिश्र थराची कुलपे आणली आहेत. ती महाग आहेत आणि दोन किलोंच्या घरात जातात. ब्रिटनमधली ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था कुलपे प्रत्यक्ष फोडून पाहते आणि त्यांना कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि हिरा अशा पायऱ्या देते. कुलूप घेताना पाकिटावर कंपनीने स्वतः छापलेल्या आकड्यांपेक्षा असा त्रयस्थ शिक्का पाहावा. जर्मनीच्या आबुस कंपनीची घडीची कुलपे फ्रेमवर नीट बसतात म्हणून रोड बाईकवाल्यांना आवडतात. सोय आणि मजबुती यांचा तो मधला मार्ग आहे.

कुलूप लावण्याची पद्धतही महत्त्वाची. अमेरिकेतले प्रसिद्ध सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन, ज्यांचे २००८ मध्ये निधन झाले, यांनी लहान यू कुलूप वापरण्याची एक पद्धत रूढ केली. मागच्या त्रिकोणाच्या आत येणारी रिम आणि खांब एवढ्यांतूनच कुलूप घालायचे. रिम त्रिकोणातून ओढून काढता येत नाही, त्यामुळे मागचे चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतात. कुलूप लहान असल्याने त्यात पहार घालून पिळायला जागाही राहत नाही. रिम कापून सायकल नेता येईल, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. नेता येईल हे खरे, पण चाक नासवून नेलेल्या सायकलची किंमत उतरते. ज्यांना तेवढाही धोका नको त्यांनी मोठे कुलूप सीटच्या नळीसकट लावावे आणि पुढचे चाक तारेने जोडावे. कार्बन फ्रेमला जड साखळी लावताना ती कापडाच्या वेष्टनातली असावी, नाहीतर चोरापासून वाचलेली फ्रेम कुलपानेच खरचटते. खांब निवडतानाही डोळे उघडे हवेत. वरून मोकळा असलेला बुटका खांब, हलणारी जाळी आणि कोवळे झाड यांना सायकल बांधणे म्हणजे न बांधणेच.

तरीही रोड बाईक आणि जड कुलूप यांचे गोत्र जुळत नाही, हे मान्य करावे लागते. सात-आठ किलोंच्या सायकलवर दीड किलोंचे पोलाद वाहायला बहुतेकांचे मन होत नाही. म्हणून या छंदात वेगळी रीत पडली आहे: रविवारच्या लांब फेरीला पातळ तार आणि गटातला एकजण पहाऱ्यावर, ऑफिसच्या वाहनतळात कायमचे ठेवून दिलेले जड कुलूप, आणि घरी सायकल थेट दिवाणखान्यात. महाराष्ट्रातल्या शहरांत ही शेवटची सवय सर्वांत पक्की आहे, घरच्यांची कुरकुर गृहीत धरून. सोसायटीच्या वाहनतळावर रखवालदार आणि कॅमेरा असला तरी खांबाला न बांधता फक्त चाकातून कुलूप घातलेली सायकल रात्रभर तशी ठेवू नये. रोज रस्त्यावर उभी करावी लागणार असेल, तर महागडी कार्बन सायकल त्या कामाला न लावता साधी पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमची दुसरी सायकल घ्यावी. सायकलींची योग्य संख्या आहे त्याहून एक अधिक, असा विनोद जगभरच्या हौशी मंडळींत चालतो. या एका बाबतीत तो चक्क उपयोगी सल्ला आहे.

प्रत्येक सायकलच्या फ्रेमवर, बहुधा पायडलच्या धुऱ्याखाली, क्रमांक कोरलेला असतो. तो रंगाच्या थराखाली बुजलेला असला तर ओल्या कापडाने पुसून आणि तिरपा उजेड टाकून वाचता येतो. चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार नोंदवताना, विम्याचा दावा करताना किंवा जुन्या बाजारात सापडलेली सायकल आपलीच आहे हे दाखवताना हा क्रमांक, खरेदीचे बिल आणि सायकलचा स्पष्ट फोटो यांचीच मदत होते. नवी सायकल घरी आली की पहिल्या फेरीला निघण्यापूर्वी ती उलटी करून हा क्रमांक लिहून घ्यावा.